धातूच्या अंतरंगातील चालता दोष

तांबट भांडे घडविताना तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालीत जातो. काही वेळाने तांबे ताठर होते आणि ठोक्याला दाद देईनासे होते. मग ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घ्यावे लागते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवामागील कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते.

धातूचे अणू स्फटिकात शिस्तीने रचलेले असतात. ही रचना निर्दोष असती, तर धातू वाकविण्यास प्रत्यक्षात लागते त्याच्या शेकडो, प्रसंगी हजारो पट बल लागले असते, असे गणित सांगत होते. या कोड्याचे उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सुचविले. स्फटिकातील अणूंचा एखादा थर मध्येच खंडित झालेला असतो. या दोषास स्थानभ्रंश म्हणतात. सभेसाठी अंथरलेले मोठे जाजम एकदम ओढल्यास हलत नाही. परंतु त्यावर सुरकुती पाडून ती पुढे ढकलीत नेली, की जाजम सहज सरकते. स्थानभ्रंशही असाच पुढे सरकतो आणि धातू वाकतो.

तथापि, हे केवळ अनुमान होते. प्रकाशलहरींची लांबी अणूंमधील अंतराच्या हजारपटींहून अधिक असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून असा दोष थेट दिसणे शक्य नव्हते. १९३१ मध्ये बर्लिन येथे नॉल आणि रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला. पुढे १९५६ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी, इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका पातळ केलेला ॲल्युमिनियमचा वर्ख या यंत्राखाली तपासला. दोषाभोवती अणूंची रचना किंचित वाकलेली असल्याने तेथे काळ्या रेषा उमटल्या. इलेक्ट्रॉनांचा झोत तीव्र करताच त्या रेषा सरकू लागल्या. बावीस वर्षांचे अनुमान डोळ्यांसमोर चालू लागले. नंतर सूक्ष्मदर्शकाच्या आतच नमुना ताणून हे निरीक्षण करण्याची सोय झाली.

तांबटाच्या अनुभवाचा उलगडाही यातून झाला. ठोक्यांनी स्थानभ्रंश वाढतात, एकमेकांत गुंततात आणि परस्परांची वाट अडवितात. म्हणून धातू ताठर होतो. तापविल्यावर त्यांची संख्या घटते व धातू मऊ होतो. मिश्रधातूत मिसळलेले परके अणू आणि सूक्ष्म कण हीच वाट रोखून धरतात. पुलाच्या तुळईपासून विमानाच्या पंखापर्यंत धातूचे बळ वाढविण्याचे एक प्रमुख सूत्र हेच आहे: दोषाचे चालणे जितके अवघड, तितका धातू बळकट.