निनावी जाच आणि कायद्याचा आधार

निनावी चिठ्ठी आपल्या गावांना नवी नाही. ठरलेली सोयरीक मोडावी, कुणाची अब्रू जावी, म्हणून रात्री दाराखालून कागद सरकविणारे लोक पूर्वीही होते. आता तेच काम मोबाईलवरून होते. फरक इतकाच की, चिठ्ठी एका घरात पडे. आज खोट्या नावाने टाकलेले चित्र तिवशाहून घटकेत अमरावती, पुणे गाठते.

साधन नवे असले तरी अपराध जुनाच आहे. नाव लपवून धमकी देणाऱ्यास अधिक शिक्षा असावी, हे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेतच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ते कलम ३५१ मध्ये कायम ठेवले. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधणे, तिच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे, हा कलम ७८ प्रमाणे गुन्हा होय. त्यास प्रथम तीन वर्षांपर्यंत व पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र न पटणारे मत म्हणजे जाच नव्हे. २०१२ साली पालघरला फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ए रद्द केले.

जाच झाल्यावर प्रथम काय करावे? पुष्कळ घरांत भीतीपोटी सारे पुसून टाकतात. आमच्या मते खरे नुकसान येथेच होते. कारण पुसला जातो तो पुरावा. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल हा दावा झाला. त्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाने मूळ यंत्रच साक्षीत हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र नको. नक्कल दिली तर ते हवेच. वाद निवडणुकीचा, पण धडा सर्वांना. म्हणून मूळ मोबाईल जपावा, संदेश राखावेत, पडद्याचे चित्र घ्यावे आणि खात्याचे नाव, तारीख, वेळ वहीत टिपून ठेवावी.

नंतर पोलीस ठाणे. गुन्हा कोठेही घडो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. पाठलागाची फिर्याद स्त्री देत असेल, तर ती स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी लागते. फिर्यादीची नक्कल विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकारी आहेत. धमकीने पैसे उकळले असतील तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा.

वकिलाचा खर्च हीही अडचण नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावतीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

हे सर्व असूनही फिर्यादी पुढे येत नाहीत, कारण मुलगी घरी सांगायलाच भिते. सांगितले की मोबाईल काढून घेतात, कॉलेज बंद करतात. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा हिला! कायद्याचे दार उघडे आहे. पण तेथवर जाणारी वाट घरातूनच निघते. मुलगी सांगू लागली की प्रथम तिचे ऐकावे आणि तिच्यासोबत ठाण्याची पायरी चढावी, एवढेच आमचे मागणे आहे.