निलगिरीचे रोप: धंदा की समाजकार्य?

कागदाला लगदा लागतो आणि लगद्याला लाकूड. १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने उद्योगांना बजावले, की नैसर्गिक जंगलावर अवलंबून राहू नका, कच्चा माल शेतकऱ्यांकडून मिळवा. तेलंगणात भद्राचलमजवळच्या आयटीसीच्या कागद कारखान्याने त्यासाठी निलगिरीची क्लोन रोपे तयार केली. ही रोपे बियांची नव्हेत, निवडक झाडांच्या छाटापासून वाढवलेली; म्हणून वाढ बरीचशी एकसारखी. साधारण चार वर्षांनी तोड होते आणि बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात.

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कृषिवनीकरण त्यात बसते, नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम मात्र बसत नाही. स्वतःच्या गिरणीला लाकूड हवे म्हणून रोपे वाटली, तर तो धंदाच. त्यात वावगे काही नाही, फक्त अहवालात त्याला उपकाराचा मुलामा नको. शेतकऱ्याची अडचण वेगळीच असते: तोड होईपर्यंत घर चालवायचे कशावर? ओळींत जास्त अंतर सोडून आंतरपीक घेता आले, तर लहान खातेदाराला ही लागवड झेपते.