११९ दिवसांचा पंतप्रधान: जॉर्ज कॅनिंग

पहिल्याच वाढदिवशी वडील गेले. आई पोटासाठी रंगभूमीवर उतरली. तेव्हाच्या लंडनमध्ये नटीचा मुलगा म्हणजे कुजबुजीचा विषय. काकांनी ईटनला शिकवलं आणि हा मुलगा सभागृह गाजवणारा वक्ता झाला. १८०९ साली सहकारी मंत्री कॅसलरेशी त्याने चक्क पिस्तुलांचं द्वंद्व केलं, मांडीत गोळी घेतली!

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ साली, कंपनी सरकारवर देखरेख ठेवणाऱ्या लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष हाच होता. १८२२ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात यायचंही ठरलं होतं. तेवढ्यात कॅसलरेने आत्महत्या केली आणि परराष्ट्र खातं कॅनिंगकडे आलं. मला त्याचं खरं कर्तृत्व इथेच दिसतं: स्पेनच्या जोखडातून सुटलेल्या मेक्सिको, कोलंबियाला ब्रिटनची मान्यता त्याने मिळवून दिली.

एप्रिल १८२७ मध्ये पंतप्रधानपद मिळालं, पण तब्येत ढासळलेली. ८ ऑगस्टला चिझिक हाऊसमध्ये तो वारला. सर्वात कमी काळ पंतप्रधान राहिल्याचा हा विक्रम २०२२ साली लिझ ट्रस यांच्यापर्यंत टिकला.

आणि १८५७ चा गव्हर्नर जनरल, पुढे पहिला व्हाइसरॉय झालेला लॉर्ड कॅनिंग? तो याचाच मुलगा.