लखनौची चिकनकारी आणि तोट्याची उतरंड

साथीत होणारं नुकसान कुणाच्या पदरी पडणार, हे साथ येण्याच्या कितीतरी आधी धंद्याच्या रचनेत ठरून गेलेलं असतं. लखनौच्या चिकनकारीत ते लख्ख दिसतं. चौक किंवा अमीनाबादच्या दुकानात टांगलेला कुर्ता बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. कापड बेतलं जातं, छपाईवाला लाकडी ठशांनी त्यावर निळी नक्षी उमटवतो, मग दलाल ते गाठोडं जुन्या शहरातल्या गल्ल्यांत किंवा काकोरी, मलिहाबादकडच्या गावांतल्या बायकांकडे पोचवतो. बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालून झाले की कापड धोब्याकडे जातं, निळाई निघते आणि माल दुकानात येतो. भरतकाम करणारीला मजुरी मिळते ती नगावर. दुकानदार तिला ओळखत नाही आणि मधल्या व्यवहाराचा कागद बहुधा नसतोच.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीची ईद 25 मेला आली. उन्हाळा आणि ईद हा चिकनकारीच्या विक्रीचा ऐन हंगाम; तो बुडाला. पुढच्या वर्षीची ईद दुसऱ्या लाटेत गेली. तोटा दुकानदारालाही झाला, पण त्याचा पडून राहिलेला माल पुढे विकता येतो. कारागीर बाईचा कामाविना गेलेला दिवस साठवता येत नाही. शिवाय तिला कामावरून काढावंही लागत नाही. गाठोडं यायचं थांबतं, इतकंच. नोटीस नाही, भरपाई नाही. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घटलं. अशा तिमाही अंदाजांत असंघटित क्षेत्राचं चित्र बरंचसं संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून बांधलं जातं. म्हणजे या बायकांचा तोटा मोजण्यातही निसटतो.

यावर कुणी म्हणेल, सरकारने मदत केली. केली, आणि ती मोलाची होती: माणशी 5 किलो मोफत धान्य, बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने 500 रुपये. पण ही मदत गरीब म्हणून मिळाली, कामगार म्हणून नव्हे. दुसरा युक्तिवाद मोबाइलवरच्या विक्रीचा. बाजार खरंच रुंदावला, पण जिच्याकडे स्वतःचं कापड आणि भांडवल नाही, तिला वाढीव किमतीवर हक्क सांगता येत नाही. तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. सरकारी श्रमबल पाहणीनुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा कामातला सहभाग 2018-19 मध्ये 24.5 टक्के होता, तो 2020-21 मध्ये 32.5 टक्के झाला. मात्र घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतही याच आकड्यात येते. घरात कमाई आटल्यावर बाईने मिळेल ते काम धरलं, तरी तो वर जातोच. त्याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

आपल्याकडे सोलापुरातल्या बायकाही घरी बसून, नगावर विड्या वळतात. त्यांच्या कष्टांचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानलं, आणि पुढे भविष्य निर्वाह निधीचा हक्कही आला. मार्च 2020 च्या अखेरीस सरकारने साथीमुळे या निधीतून आगाऊ रक्कम काढायची मुभा दिली, तेव्हा ज्या विडी कामगारणीचं खातं होतं तिला निदान दार ठोठावता आलं. चिकनकारीवाल्या बाईला असं दारच नव्हतं. नोंदी आणि हक्क आले तर हातकाम महागेल, यंत्राचं भरतकाम बाजार खाईल, ही भीती खोटी नाही. पण यंत्राचा स्वस्त माल आजही याच बाजारात आहे, आणि त्याच्याशी स्पर्धा मजुरी दाबून जिंकता आलेली नाही. चिकनकारीला जास्त दाम मिळतो तो हाताच्या टाक्याचा. 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने लखनौचं नाव राखलं. टाका घालणारीला त्याने कामगार केलं नाही. घरून काम करणाऱ्यांसाठी 1996 मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करारही भारताने स्वीकारलेला नाही. तो स्वीकारेपर्यंत थांबायचं कारण नाही: दलालाच्या वहीत बाईचं नाव, नग आणि दर लिहिले जावेत, आणि त्याची एक प्रत तिच्या हातात असावी, हा नियम उत्तर प्रदेश सरकारला आजही करता येईल.