रमजानमध्ये उतरलेले वजन ईदनंतर परत का येते? उपाय जुम्याच्या वहीत

धरणगाव : रमजानमध्ये अनेकांचे वजन किलो-सव्वा किलोने उतरते. ईद झाली, शिरखुर्मा आणि दावती सुरू झाल्या, की काही आठवड्यांत ते बहुतेक भरून येते. रोजा काही वजनासाठी ठेवला जात नाही. पण वजन उतरवणे एक आणि ते टिकवणे वेगळे, हे यातून दरवर्षी दिसते.

याला कारण आहे. वजन उतरले की शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते, भूक मात्र वाढते. महिन्याला अर्धा किलो वाढ कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षात मात्र सहा किलो होतात. त्यात नाडीचा पायजमा, सलवार, सैल कुर्ता. कपडे तक्रार करत नाहीत, म्हणून काटाच लागतो.

अमेरिकेत 1994 पासून एक नोंदणी चालते. किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर टिकवलेल्यांची त्यात नोंद होते. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. तिथल्याच 2006 च्या एका अभ्यासात, वजन घटवलेल्यांना रोज वजन पाहून वेळीच आवर घालायला शिकवले गेले. दीड वर्षानंतर या प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटातल्या 46 टक्के लोकांचे वजन सव्वादोन किलो किंवा जास्त वाढले होते. फक्त माहितीपत्रके मिळालेल्यांत हेच प्रमाण 72 टक्के होते.

आपल्यासाठी कमरेचे मापही महत्त्वाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशी मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9 टक्के, याज्ञिकांच्या 21 टक्के! म्हणजे सडपातळ दिसणाऱ्यानेही गाफील राहू नये. कंबर पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरपेक्षा कमी असावी.

मग काय करावे?

• दर जुम्याला सकाळी, गुस्लच्या आधी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करा. तारीख आणि आकडा वहीत लिहा.
• महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा.
• एका जुम्याच्या वाढीने घाबरू नका. मीठ-पाण्यानेही किलोभर फरक पडतो. तीन-चार जुमे आकडा चढताच राहिला, तर गोड चहा, तळण, रात्रीचे उशिराचे जेवण कमी करा आणि चालणे वाढवा.
• दोन-अडीच किलो वाढले की थांबू नका. दोन किलो उतरवणे दहा किलोंपेक्षा सोपे असते.

गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयाच्या मुलांनी वजन घटवायच्या मागे लागू नये. प्रयत्न न करता वजन उतरत असेल किंवा पायांवर सूज येऊन वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलण्याआधी आणि रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब मोफत तपासला जातो. जाताना ही वही सोबत न्या. वर्षभराचे आकडे पाहून डॉक्टरांनाही सल्ला देणे सोपे जाते.