'सोड' म्हटले की सोडणारा मोती

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो, तर घरात एकच गोंधळ. आमच्या मोतीने आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी तोंडात धरून कॉटखाली दडी मारली होती. मी आल्या आल्या झाडू उचलला आणि त्याच्यावर ओरडलो. मला मदत करावी म्हणून धाकटा मुलगा कॉटखाली शिरला व त्याने पट्टी ओढली. क्षणात मुलाचा हात रक्ताने भरला आणि अर्धी पट्टी मोतीच्या पोटात गेली.

त्या रात्री पत्नी मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात व मी मोतीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात धावलो. सुदैवाने दोघेही बरे झाले. पण तेथील डॉक्टरांनी मला जे सुनावले ते अजून कानात आहे. ते म्हणाले, "कुत्रा वाईट नाही. तोंडातली वस्तू सोडायला तुम्ही त्याला कधी शिकवलेच नाही. माणूस जवळ आला की वस्तू जाते आणि वर मार बसतो, एवढेच शिकवलेत."

मी पेशाने कारकून. जमाखर्चाची भाषा मला लवकर कळते. मोतीच्या वहीत प्रत्येक वेळी नावेच पडत होते, जमा काहीच नव्हते. मग तो वस्तू घेऊन पळेल, गुरगुरेल किंवा घाईने गिळून टाकेल, यात नवल ते काय?

हे शास्त्र काही नवे नाही. रशियाचे शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल. त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला खाणे येण्याआधीच, नुसत्या ठरावीक खुणेने पाणी सुटू लागले. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी पुढे दाखवून दिले की, ज्या कृतीनंतर फायदा होतो ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. 1951 साली त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात जनावरांना कसे शिकवावे यावर लेखच लिहिला. आपल्याला घरी करायचे आहे तेही हेच.

प्रथम घरातल्या सर्वांनी मिळून एक शब्द ठरवावा. आमच्याकडे आई 'टाक' म्हणायची, पत्नी 'दे' म्हणायची आणि मी नुसता ओरडायचो. बिचाऱ्या मुक्या प्राण्याने समजायचे काय? आम्ही 'सोड' हा शब्द पक्का केला.

नंतर खाऊ ठरवावा. भाकरी रोज मिळते, म्हणून तिला भाव नाही. उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनमसाल्याच्या, हाड काढलेल्या उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे करावेत. एक अंडे दिवसभर पुरते. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र देऊ नये. ते कुत्र्याला बाधते.

पहिले दोन-तीन दिवस कुत्र्याच्या तोंडात काहीही नसताना शिकवावे. शांत आवाजात 'सोड' म्हणावे आणि लगेच तीन-चार तुकडे जमिनीवर टाकावेत. असे दिवसातून दहा वेळा करावे. 'सोड' म्हणजे खाली काहीतरी चांगले पडते, हे त्याच्या डोक्यात बसते.

मग जुन्या लुगड्याची गाठ मारलेली दोरी त्याला खेळायला द्यावी. तोंडात धरली की ओढू नये. एकदाच 'सोड' म्हणावे, दोन अंक मोजावेत आणि तुकडे जमिनीवर टाकावेत. तो दोरी सोडून खाऊ लागेल. त्याचे खाणे होईपर्यंत दोरी उचलावी आणि पुन्हा त्यालाच द्यावी. ही शेवटची पायरी पुष्कळ लोक विसरतात. सोडलेली वस्तू परत मिळते हे कळले की, सोडण्याची भीती उरत नाही.

हे जमले की आधी सोडणे, मग खाऊ, असा क्रम ठेवावा. दोरीनंतर चेंडू, मग जुनी चप्पल आणि सगळ्यात शेवटी त्याच्या जीवापाड आवडीची वस्तू घ्यावी. आधी घरात, मग ओटीवर, मग मैदानात शिकवावे. दोन-तीन मिनिटांचा पाठ दिवसातून दोन-तीनदा पुरे. आम्हाला सव्वा महिना लागला.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मागे धावू नये, त्याला तो खेळ वाटतो. जबडा उचकटू नये. मारू नये. कुत्रा अंग ताठ करून वस्तूवर वाकला, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला किंवा गुरगुरला, तर हात पुढे करू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल. अशा वेळी खाऊ लांब टाकून त्याला बाजूला न्यावे. लहान मुलांवर हे काम कधीही सोपवू नये. गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यावर तर हा प्रयोग करूच नये.

तरीही दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे आणि ठरलेल्या तारखांची सर्व इंजेक्शने पुरी करावीत. पोटातली ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत, तेव्हा भिण्याचे कारण नाही. रेबीज झाल्यावर मात्र माणूस बहुधा वाचत नाही. घरच्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यावी.

कुत्र्याने औषध किंवा उंदराचे विष गिळले, तर घरी मिठाचे पाणी पाजत बसू नये. वेष्टन सोबत घेऊन थेट दवाखान्यात जावे. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल प्रसिद्धच आहे. गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

गेल्या महिन्यात मी, मुलगा आणि मोती बाजारातून येत होतो. मोतीने रस्त्यावरचे कोंबडीचे शिजलेले हाड उचलले. असे हाड टोकदार फुटून आतडे फाडू शकते. माझा हात सवयीने वर गेला. पण त्याआधीच मुलगा हळूच म्हणाला, "मोती, सोड." हाड खाली पडले. मुलाने खिशातले बिस्कीट जमिनीवर टाकले. त्याच्या हातावर तो जुना व्रण अजून आहे. मी मात्र उगारलेला हात गुपचूप खाली घेतला.