गवतातली पदवी

गवतात पदवी? अमेरिकेत मिळते, आणि अभ्यास सोपा नाही: मृदाशास्त्र, पाण्याचा निचरा, बुरशीजन्य रोग, कीड, शिवाय गोल्फच्या मैदानावर इंटर्नशिप. या विद्येचा खरा कस लागला १९९४च्या फुटबॉल विश्वचषकात. अमेरिकेतल्याच पाँटियाकचं सिल्व्हरडोम स्टेडियम पूर्ण छताखाली होतं. तिथे गवत जगणार कसं? मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी षट्कोनी साच्यांतली हिरवळ बाहेर उन्हात ठेवली आणि सामन्यांआधी आत आणून जोडली. विश्वचषकाचे सामने बंद छताखाली प्रथमच झाले, तेही खऱ्या गवतावर! २०२६च्या स्पर्धेसाठीही फिफाने हेच विद्यापीठ आणि टेनेसी विद्यापीठ यांना संशोधनाला जोडून घेतलं. आपला शेतकरी वैतागून खणून काढतो त्या हरळीच्या मैदानांसाठीच्या संकरित वाणांवर अमेरिकेत पीएचडी होते.